पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ : ३,२०० आरपीएमला गिअर लिव्हर झिणझिणतो, सुरुवात कुठून करायची?

पॉपअप_९१

गाडी १९९१ ची मियाटा (एमएक्स-५ चेच अमेरिकेतले नाव), १.६ लिटर, पाच गिअर, डावीकडे स्टिअरिंग. टायर कंपनीच्याच मापाचे, १८५/६० आर १४. इंजिन माउंट (इंजिन ज्यावर बसते ती रबरे) मूळचेच. साधारण ३,२०० आरपीएमला गिअर लिव्हर झिणझिणायला लागतो आणि ३,८०० च्या पुढे गेले की शांत होतो. नॉबवर नुसते बोट टेकवले तरी आवाज थांबतो. न्यूट्रलमध्ये लिव्हर डावी-उजवीकडे सैल लागतो, आणि लांबच्या ड्राइव्हला लेदर बूटभोवतून (लिव्हरभोवतीच्या आवरणाभोवतून) गरम हवा येते. मागच्या वर्षी गॅरेजमध्ये क्लच बदलला आहे.

सल्ले तीन मिळालेत : जड नॉब लावा, ब्राँझचा बुश (लिव्हरच्या खालच्या टोकावरची वाटी) टाका, नाहीतर सरळ शॉर्ट शिफ्टर (कमी हालचालीत गिअर टाकणारा लिव्हर) घ्या. खर्च करायच्या आधी नेमके काय तपासावे?

टॉर्करेंच

तिन्ही सल्ले सध्या बाजूला ठेवा. कंपन नक्की कशाच्या वेगाबरोबर येते-जाते ते आधी पक्के करा. या गाडीत ते विशेष महत्त्वाचे, कारण गिअरबॉक्सला स्वतःचा वेगळा माउंट नाही. गिअरबॉक्सची शेपटी एका लांब अॅल्युमिनियमच्या फ्रेमने मागच्या डिफरन्शियलला जोडलेली आहे. हीच ती पॉवर प्लांट फ्रेम, सगळे पीपीएफ म्हणतात. म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफ मिळून एकच सलग दांडा, आणि तो इंजिनचे दोन आणि डिफचे दोन अशा चार रबरांवर लटकलेला. गिअर लिव्हर त्या दांड्याच्या साधारण मध्यावर उभा. पुढे-मागे कुठेही काही बिघडले तरी ते लिव्हरवरच दिसणार.

चाचण्या अशा करा.

गाडी जागेवर, हँडब्रेक ओढलेला, न्यूट्रल, क्लच सोडलेला. आरपीएम हळूहळू ४,००० पर्यंत न्या. झिणझिण तिथेच आली तर प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून डिफकडे फिरणारा दांडा), चाके, डिफ यांचा दोष नाही. आता हेच क्लच दाबून करा. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट आणि काउंटर शाफ्ट फिरत असतात; क्लच दाबला की ते थांबतात. क्लच दाबल्यावर आवाज गेला तर इनपुट शाफ्टचे बेअरिंग किंवा आतल्या गिअरचा खुळखुळाट समजा, लिव्हर खोलून उपयोग नाही. क्लच दाबूनही आवाज तसाच राहिला तर तो इंजिनकडून येतो आणि लिव्हरच्या सैलपणामुळे ऐकू येतो.

तिसरी चाचणी रस्त्यावर. तुमच्या टायरचा घेर साधारण १.८१ मीटर. १.६ च्या गाडीत डिफचे गुणोत्तर ४.३०. ताशी १०० किमीला चाक मिनिटाला सुमारे ९२० फेरे मारते आणि प्रॉपेलर शाफ्ट सुमारे ३,९५०. चौथा गिअर १:१ असल्याने चौथ्यात इंजिनही ३,९५० वर असते, पाचवा ०.८१४ चा, म्हणून पाचव्यात इंजिन ३,२०० च्या आसपास येते. इथेच गफलत होते. पाचव्यात शंभरने जाताना लिव्हर झिणझिणला तर तो इंजिनच्या ३,२०० मुळे की शाफ्टच्या ३,९५० मुळे, हे त्या क्षणी कळायला मार्ग नाही. म्हणून त्याच वेगात चौथा टाका. झिणझिण गेली तर इंजिन. राहिली तर शाफ्ट, त्याचे क्रॉस (टोकांचे सांधे) किंवा पीपीएफचा कोन. पुन्हा खात्री करायची तर चौथ्यातच ताशी ८० पर्यंत उतरा, इंजिन परत ३,२०० वर येईल.

स्प्रिंग_मास_डँपर (पुणे)

टॉर्करेंच यांच्याशी पूर्ण सहमत. कामाचा भाग कंपन-आवाजाचा असल्याने नॉबबद्दल लिहितो.

चार सिलिंडरच्या इनलाइन इंजिनात मुख्य धक्का दर फेरीला दोनदा येतो. ३,२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ५३ फेरे, म्हणून धक्क्याची वारंवारता सुमारे १०७ हर्ट्झ. लिव्हर, त्याखालचा प्लॅस्टिक बुश आणि वरचा नॉब मिळून एक स्प्रिंग आणि वजन तयार होते, आणि तुमच्या गाडीत त्याची स्वतःची वारंवारता या १०७ च्या जवळ आलेली दिसते. बुश नवा असताना ती बरीच वर असते आणि रबर-प्लॅस्टिकमध्ये ऊर्जाही जिरते. बुश झिजला की ताठरपणा घटतो आणि वारंवारता खाली घसरते. शिवाय फट पडते ती वेगळीच. फट पडली की लिव्हर घंटेच्या लोलकासारखा दोन्ही बाजूंना आपटतो. तुम्हाला ऐकू येणारा तीक्ष्ण आवाज त्या आपटण्याचा आहे. बोट टेकवल्यावर तो थांबतो, कारण बोटाच्या दाबाने लिव्हर फटीच्या एकाच बाजूला टेकून राहतो. हे लक्षण बुशकडे अगदी स्पष्ट बोट दाखवते.

जड नॉबने काय होते? वारंवारता वजनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. वरच्या टोकाचे परिणामकारक वजन दीडपट झाले तर वारंवारता सुमारे ०.८२ पट होते, म्हणजे ३,२०० चा त्रास २,६०० वर. शहरात गाडी दिवसभर तिथेच चालते. फट मात्र जशीच्या तशी राहते. जड नॉबने गिअर टाकताना हाताला छान वाटते ही गोष्ट खरी, त्यासाठी जरूर लावा. दुरुस्ती म्हणून नको. धागा एम१० × १.२५ आहे. नॉब तळापर्यंत घट्ट बसलाय ना हे आज पाहून घ्या, अर्धवट सैल नॉबही असाच वाजतो.

लीड्सकर

गरम हवा, डावी-उजवी हालचाल आणि झिणझिण एकत्र म्हणजे चाचणीआधीच सांगतो, लिव्हरखालचे रबर फाटलेले असणार. या गाड्यांना आता तीस-पस्तीस वर्षे झाली, आणि मूळचे रबर इतके टिकत नाही. लिव्हर खोलायचे काम घरी अर्ध्या दिवसात होते, गाडी उचलावी लागत नाही. सविस्तर लिहितो.

सामान आधी जमवा. लिव्हरच्या खालच्या टोकाचा प्लॅस्टिकचा बुश, लिव्हरच्या गोळ्यावर दाब ठेवणारा लाटदार वॉशर, खालचा छोटा रबर बूट (हा ऑईल आत अडवतो) आणि वरचा मोठा रबर बूट (हा हवा आणि आवाज अडवतो). चारही एकदमच बदला. एकेक करून बदलण्यात पैसे थोडे वाचतात आणि कन्सोल चार वेळा काढावा लागतो. सोबत ७५डब्ल्यू-९० गिअर ऑईल १०० मिली, एक मोठी सिरिंज आणि तिला बसेल अशी पारदर्शक नळी, ब्रेक क्लीनर, लिंट न सोडणारी कापडे, १० नंबरची गोटी आणि एक्स्टेंशन, छोटा चुंबक.

गाडी रात्रभर थंड होऊ द्या. खाली एक्झॉस्ट जातो, टनेल (दोन सीटमधला उंचवटा) खूप तापतो. न्यूट्रल, हँडब्रेक पूर्ण वर, म्हणजे कन्सोल त्याच्यावरून निघतो. नॉब उलटा फिरवून काढा. कन्सोलचे स्क्रू पुढे दोन्ही बाजूंना पाय ठेवतो तिकडून, अॅशट्रे काढल्यावर तिच्याखाली, आणि मागच्या झाकणाच्या कप्प्यात आहेत. मागची बाजू आधी उचला. पॉवर विंडो असेल तर तिचे बटण कन्सोलवरच आहे, त्याचा कनेक्टर कुलूप दाबून सोडवा, वायरला धरून ओढू नका. जुने प्लॅस्टिक थंडीत तडकते, म्हणून हिवाळ्यात काम करत असाल तर आधी बाहेरचा (गाडीचा नव्हे) हीटर लावून केबिन उबदार करून घ्या.

कन्सोलखाली फोमचा थर दिसेल. तो बहुतेक वेळा भुसा झालेला असतो. फेकून द्या आणि तेवढ्याच जाडीचा उष्णतारोधक फोम कापून ठेवा. केबिनमधला आवाज त्याने चांगलाच कमी होतो.

आता वरचा मोठा बूट. त्याची पट्टी १० नंबरच्या चार बोल्टने धरलेली. काढून वर सरकवा. खाली लिव्हरचा मनोरा दिसेल, त्याला १० नंबरचे तीन बोल्ट. हे काढण्याआधी आजूबाजूची वाळू आणि धूळ ब्रेक क्लीनर आणि कापडाने पूर्ण पुसा. आता उघडणारे भोक थेट ऑईलच्या खोलीत जाते. बोल्ट काढले की लिव्हर किंचित हलवत सरळ वर येतो. बाहेर काढताना तो कुठल्या दिशेला तोंड करून होता त्याचा फोटो घ्या.

लिव्हरच्या टोकाला पांढरट किंवा पिवळसर प्लॅस्टिकची वाटी दिसली तर उत्तम. दिसली नाही तर ती खाली खोबणीत अडकली आहे किंवा तुकडे झाले आहेत. सगळे तुकडे बाहेर आल्याशिवाय पुढे जाऊ नका; वाटीचे भाग टेबलावर जुळवून पूर्ण वर्तुळ होते का ते बघा. प्लॅस्टिक चुंबकाला येत नाही, लांब चिमटा लागेल. चुंबक फक्त बोल्ट पडला तर.

आतले जुने ऑईल सिरिंजने ओढून घ्या. या मनोऱ्याचे ऑईल मुख्य गिअरबॉक्सपासून वेगळे आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसते. गिअरबॉक्सचे २ लिटर ऑईल दर वर्षी बदलले तरी इथले थेंबभरही बदलत नाही. मनोऱ्यात ८० ते ९५ मिली लागते. आत काळा चिखल असेल किंवा अगदी कोरडे असेल. पुसून घ्या, कापड आत राहणार नाही याची काळजी घ्या, मग सिरिंजने मोजून ९० मिली भरा.

नव्या बुशला आतून-बाहेरून पातळ ग्रीस, लिव्हरवर दाबून बसवा. पूर्ण बसला की हाताने फिरतो पण डुगडुगत नाही. जुना लाटदार वॉशर सपाट काचेवर नव्याशेजारी ठेवून उंचीची तुलना करा. सपाट झालेला वॉशर गोळ्याला दाबून धरत नाही, आणि मग नवा बुश टाकूनही डावी-उजवी हालचाल राहते. छोटा बूट लिव्हरवरून घालताना दांड्याला ग्रीस लावा, नाहीतर नवीनच फाटतो. लिव्हर परत बसवा, तीन बोल्ट आधी बोटांनी, मग आळीपाळीने ८ ते १० न्यूटन-मीटर. खाली अॅल्युमिनियम आहे. मोठा पाना लावून आवळलात तर आटे सुटतात, आणि तेव्हा काम अर्ध्या दिवसाचे राहत नाही.

कन्सोल लावण्याआधी इंजिन बंद ठेवून पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा.

यारा_नदीकाठ (मेलबर्न)

लीड्सकर, उत्तम प्रतिसाद. एक भर. छोटा बूट फाटला की ऑईल लिव्हरच्या बाजूने वर उडते आणि मोठ्या बुटाच्या आतून टनेलवर साचते. म्हणून मोठा बूट काढल्यावर आतल्या बाजूने बोट फिरवून बघायचे. तेलकट असेल तर छोटा बूट गेलेला आहे, डोळ्यांनी चीर दिसो न दिसो. चीर बहुधा सर्वांत आतल्या घडीत असते, लिव्हर तिरका केल्याशिवाय दिसत नाही.

गिअरबॉक्सचे ऑईलही लगे हात बदलून घ्या. भरायचे आणि काढायचे असे दोन्ही प्लग २४ नंबरचे. भरायचा प्लग आधी सोडवा, तो गंजून अडकलेला असेल तर खालचे ऑईल काढून बसलात की गाडी जागेवरच अडकते. बाजूच्या भोकातून ऑईल बाहेर येईपर्यंत भरायचे, साधारण २ लिटर.

पितळी_सिंक्रो

ऑईलबद्दल एक शंका. जीएल-४ च (गिअर ऑईलचा एक दर्जा) घ्या असे सगळीकडे वाचतो. लीड्सकर यांनी फक्त ७५डब्ल्यू-९० लिहिले आहे.

लीड्सकर

मनोऱ्यात पितळी सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्या) नाहीतच, तिथे जीएल-४ किंवा जीएल-५ काहीही चालते. मुख्य गिअरबॉक्समध्ये माझदाने दोन्हींना परवानगी दिली आहे. तरी मी तिथे जीएल-४ ची शिफारस करतो. जीएल-५ मधली जास्तीची गंधक-फॉस्फरसची मिश्रणे डिफच्या हायपॉइड गिअरसाठी असतात. गिअरबॉक्सला त्यांची गरज नाही, आणि पिवळ्या धातूला काही मिश्रणांचा त्रास होतो. शिवाय थंड गाडीत दुसरा गिअर खरखरतो ही या गिअरबॉक्सची जुनी सवय, तिला जीएल-४ चा फरक जाणवतो.

झिणझिण मात्र ऑईलच्या प्रकाराने जात नाही. कोरड्या मनोऱ्यात ऑईल भरल्यावर आवाज दबतो, कारण ऑईलचा थर फटीत उशीसारखा राहतो. बुश झिजलेला असेल तर हा आराम तात्पुरता.

टॉर्करेंच

बुशच्या धातूबद्दल. ब्राँझचा बुश टिकतो खूप, पण जे कंपन प्लॅस्टिक खाऊन टाकते ते ब्राँझ सरळ वर पोचवतो. ट्रॅकवरच्या गाडीत ठीक. रोजच्या गाडीत कंपनीचाच प्लॅस्टिक बुश घाला.

खराद_कोल्हापूर

बुश मिळत नसेल तर डेलरिनमध्ये (एक कडक प्लॅस्टिक) लेथवर करून घेता येतो. कोल्हापूर, पुणे, नाशिक इथल्या कुठल्याही बऱ्या टर्निंगवाल्याला हे काम जमते, आणि इथल्या इतर जुन्या गाड्यांच्या गिअर लिव्हरलाही हीच पद्धत लागू. मापे झिजलेल्या बुशवरून कधीही घेऊ नका. लिव्हरच्या टोकाचा गोळा आणि खालची खोबण मायक्रोमीटरने मोजा, गोळा दोन दिशांना मोजा, कारण तोही लंबगोल झिजतो. डेलरिन गरम झाल्यावर पोलादापेक्षा बरेच जास्त फुगते आणि टनेलमध्ये उष्णता भरपूर, म्हणून थंड असताना अगदी घट्ट फिट ठेवलात तर हायवेवर लिव्हर जड होतो. हाताच्या दाबाने बसेल इतकेच. साधे नायलॉन नको, ते ओलावा ओढून माप बदलते. आतली कड धारदार सोडू नका, अर्ध्या मिलीमीटरची गोलाई द्या. चीर तिथूनच सुरू होते.

यारा_नदीकाठ (मेलबर्न)

पॉपअप_९१, क्लच बदलला आहे असे लिहिलेत. मग पीपीएफ निघालेली आहे. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवायचा तर ती काढावीच लागते, आणि परत बसवताना गिअरबॉक्सची शेपटी किती उंचीवर धरली यावर प्रॉपेलर शाफ्टचा कोन ठरतो. उंची चुकली की एका ठरावीक वेगाला लिव्हर आणि सीट दोन्ही थरथरतात. वर्कशॉप मॅन्युअलमध्ये तुमच्या वर्षाच्या मॉडेलचे माप दिलेले असते, त्याप्रमाणे जॅकवर गिअरबॉक्स धरून मगच बोल्ट आवळायचे. आवळण्याचा टॉर्क १०४ ते १२४ न्यूटन-मीटर, गिअरबॉक्सकडे आणि डिफकडेही. नुसता एक बोल्ट सैल असेल तरी अॅक्सिलरेटर दाबता-सोडताना लिव्हर पुढे-मागे बोटभर सरकतो. गाडी चार स्टँडवर ठेवून आधी टॉर्क रेंचने तपासा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका.

पॉपअप_९१

सर्वांचे मनापासून आभार. चाचण्या झाल्या. जागेवर ३,२०० ला झिणझिण येते, क्लच दाबूनही तशीच राहते. पाचव्यात ताशी १०० ला येते, चौथा टाकल्यावर जाते. चौथ्यात ८० ला पुन्हा येते.

लिव्हर खोलला. बुशला वरपासून खालपर्यंत चीर आहे, छोट्या बुटाच्या आतल्या घडीत बोट जाईल एवढे भोक, मनोऱ्यात सिरिंजमध्ये जेमतेम १५ मिली काळे ऑईल आले. चारही भाग आणि ९० मिली ऑईल टाकले. पीपीएफचे बोल्ट टॉर्कवर आहेत, उंचीही मॅन्युअलप्रमाणे. आता मोकळ्या धावेत लिव्हर शांत आहे, गरम हवाही बंद. फक्त चढावर पूर्ण अॅक्सिलरेटर दिल्यावर ३,५०० च्या आसपास बारीक गुणगुण येते. ही कशाची?

स्प्रिंग_मास_डँपर (पुणे)

फक्त भाराखाली येते म्हणजे इंजिन माउंट किंवा एक्झॉस्ट. भार आला की इंजिन आपल्या अक्षाभोवती थोडे वळते आणि एका बाजूचा माउंट दाबला जातो. जुने रबर बसलेले असेल तर तो दाबून लोखंडावर लोखंड टेकते आणि कंपन बॉडीत जायला थेट वाट मिळते. बॉनेट उघडून हँडब्रेक आणि ब्रेक दोन्ही दाबून कुणाला तरी पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी किंचित टेकवायला सांगा, तुम्ही बाजूला उभे राहून इंजिन किती वळते ते बघा. गाडीच्या समोर उभे राहू नका.

टॉर्करेंच

माउंटच्या आधी एक्झॉस्ट बघा, ते फुकट आहे. पुढच्या पाइपला गिअरबॉक्सशी बांधणारा ब्रॅकेट असतो. तो तडकला किंवा त्याचा बोल्ट पडला की भाराखाली पाइप वाजतो आणि आवाज लिव्हरमधून आल्यासारखा वाटतो. थंड असताना पाइपला रबरी हातोडीने टकटक करा, सोबत उष्णतेचे पत्रेही ठोकून बघा. गंजलेल्या बोल्टभोवतीचा पत्रा मोठा होऊन सैल झालेला असतो. तिथे मोठा वॉशर टाकून आवळले की काम भागते.

तिथे काही सापडले नाही तर माउंट. दोन्ही एकत्र बदला, मूळच्या मऊपणाचेच घ्या. कडक रबराचे घेतलेत तर ८५० च्या आयडलला सगळा डॅशबोर्ड थरथरेल. संपखाली (इंजिनच्या तळाच्या ऑईलच्या भांड्याखाली) जाड लाकडी फळी, तिच्याखाली जॅक, इंजिनचे वजन उचलण्यापुरतेच वर घ्या आणि एका वेळी एकच बाजू सोडा. बोल्टचे शेवटचे आवळणे इंजिन पूर्ण वजनाने माउंटवर बसल्यावर करा, आधी केलेत तर नवे रबर पहिल्या दिवसापासून पिळलेल्या अवस्थेत राहते.

पॉपअप_९१

पाइपचा ब्रॅकेटच होता. दोनपैकी एक बोल्ट गायब, दुसरा हाताने फिरत होता. नवीन बोल्ट आणि स्प्रिंग वॉशर टाकून आवळले, चढावरची गुणगुण गेली. माउंटचे रबर तळाशी चिरलेले दिसते आहे, ते वसंतात बदलेन. तोवर काही धोका?

लीड्सकर

चीर पृष्ठभागावर असेल तर चालवा. महिन्यातून एकदा टॉर्च मारून बघत राहा. रबर धातूच्या पट्टीपासून सुटायला लागले किंवा इंजिन एका बाजूला झुकलेले दिसले तर वसंताची वाट पाहू नका. आणि मनोऱ्याचे तीन बोल्ट ५०० किलोमीटरनंतर एकदा तपासा. नवे रबर दबते आणि बोल्ट थोडे सैल पडतात.

यारा_नदीकाठ (मेलबर्न)

ब्रॅकेटचा बोल्टही त्याच वेळी बघा. तिथे तापण्या-निवण्याचे चक्र फार तीव्र, साधा नायलॉनवाला लॉकनट वितळतो. पूर्ण धातूचा लॉकनट घाला आणि आट्यांना तांब्याचे अँटी-सीझ लावा, म्हणजे पुढच्या वेळी क्लच काढताना बोल्ट तुटणार नाही.